ओलीचा पंचनामा

शासकीय इमारतींच्या देखभालीत ज्याची उमेदीची वर्षे गेली, त्याच्या वाट्याला पुलांचे आणि धरणांचे वैभव येत नाही. त्याच्या मेजावर येतात ते अर्ज, आणि कोकणात आषाढ लागला की त्या अर्जांतले निम्मे तरी ओलीविषयी असतात. 'शयनगृहाच्या पश्चिमेकडील भिंतीस ओल येऊन रंग उडाला आहे, तरी रंगकाम करून मिळावे' अशा ठरीव मजकुराचे अर्ज मी इतके वाचले की अर्जदाराचे नाव झाकले तर कोणता कोणाचा हे सांगता आले नसते. त्या अर्जांत एक गोष्ट मला फार काळ बोचत राहिली. मागणी नेहमी रंगाची असे. पाणी कोठून येते ते शोधावे, असे क्वचितच कोणी लिही. आणि त्या भिंतीलगत निजणाऱ्या मुलाला पावसाळाभर खोकला असतो, हे तर अर्जात लिहिण्याजोगे आहे असे कोणाला वाटतच नसे. ते मला कळे, तेही जागेवर गेल्यावर, घरातल्या बाई चहाची कपबशी पुढे ठेवता ठेवता सहज बोलून जात तेव्हा.

रत्नागिरीस वर्षाकाठी सरासरी 3,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नैर्ऋत्येकडून, वाऱ्याच्या माऱ्यासह पडतो. जांभा हा दगड दिसायला भक्कम असला तरी आतून सच्छिद्र. त्याच्या चिऱ्यांची भिंत पाणी पिते, आणि पिऊ द्यावे व पुन्हा सुकू द्यावे, हाच तिच्याशी वागण्याचा रास्त मार्ग होय. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. त्यांनी जोते उंच घेतले, पागोळ्या भिंतीपासून चार हात दूर पडतील इतके छप्पर पुढे काढले, दरवर्षी मृगाच्या आधी पश्चिमेच्या अंगाला नारळाच्या झापांची झडी बांधली, आणि भिंतीला चुन्याचा गिलावा देऊन वर चुन्याचाच हात फिरवला. चुना श्वास घेतो, म्हणजे आतली वाफ बाहेर जाऊ देतो. शिवाय तो इतका क्षारधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशीला पाय रोवता येत नाही. महाबळेश्वरासही, जिथे पाऊस कोकणाहून पुष्कळ जास्त, बंगल्यांच्या भिंती पावसाळ्यापूर्वी गवताने झाकून घेण्याची वहिवाट होती. या साऱ्या तजविजींची जागा पुढे सिमेंटच्या गिलाव्याने आणि तकतकीत प्लॅस्टिक रंगाने घेतली, आणि आत शिरलेले पाणी आतच कोंडले गेले.

मात्र जुन्या घरांचे गुणगान करताना हात आखडता घ्यावा लागतो. त्या घरांत भिंती कोरड्या राहत त्याचे एक कारण असे की बारा महिने चूल पेटलेली असे, तिची ऊब आढ्यापर्यंत जाई, आणि कौलांच्या फटींतून धुराबरोबर दमटपणाही निघून जाई. परंतु तो धूर आधी चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीतून जाई. पावसाळ्यात शेगडीवर वाळवलेल्या कपड्यांना येणारा धुरकट वास आम्ही आठवणींत जपतो. तोच धूर जिने आयुष्यभर घेतला त्या आजीचा दमा मात्र 'वयोमानाप्रमाणे' म्हणून सोडून देतो. घरातली हवा म्हणजे ओल, धूर, धूळ आणि वास यांचा एकत्रित हिशेब आहे. त्यातले एक कलम दुरुस्त करताना दुसरे बिघडणार नाही, हे पाहावे लागते.

भिंतीतल्या पाण्याचे मूळ बहुधा चार ठिकाणी सापडते. पाऊस बाहेरून शिरतो. जमिनीतले पाणी जोत्यातून वर चढते. नळ, मोरी किंवा सांडपाण्याची वाहिनी पाझरते. आणि चौथे, जे लोकांच्या सर्वांत कमी ध्यानात येते, ते म्हणजे हवेतलीच वाफ थंड पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. जमिनीतून चढलेली ओल सहसा कमरेच्या वर जात नाही. तिच्या वरच्या कडेला लोणा धरतो आणि बोट फिरवले तर पांढरी पूड बोटाला लागते. पावसाची ओल पावसाबरोबर वाढते आणि उघडीप झाली की ओसरते. नळाची ओल मात्र वैशाखातही तशीच असते. एवढे नुसते पाहिले, आणि घरच्या माणसांना 'ही कधीपासून आणि कोणत्या महिन्यात वाढते' एवढे विचारले, तरी निम्मा उलगडा होतो.

एका तालुक्याच्या गावी अव्वल कारकुनाच्या निवासस्थानातला प्रसंग सांगतो. तळमजल्यावरचे घर, दोन खोल्या, आणि पश्चिमेच्या भिंतीला अगदी चिकटवून ठेवलेले लाकडी कपाट. त्या भिंतीचे रंगकाम लागोपाठ तीन पावसाळ्यांनंतर झालेले होते. मी मुकादमाला म्हटले, कपाट पुढे ओढा. ते ओढताच कुबट वासाचा एक भपकारा आला आणि कपाटाच्या पाठीचा प्लायवूड दिसू लागला: खालून वर जाताना आधी काळपट, मग शेवाळी, मग राखाडी झालेला, आणि त्यावर मखमलीसारखी बारीक लव. भिंतीवर मात्र डाग विखुरलेले, नाण्याएवढे, प्रत्येकाची कड फिकट आणि मध्य गडद. कपाटाच्या आत बाईंच्या लग्नातला शालू होता. त्याच्या जरीवर तसेच ठिपके उमटले होते. बाई त्याला हात लावून म्हणाल्या, "साहेब, हा मी दर दसऱ्याला उन्हात घालते. तरी पुन्हा येतं." धाकटा मुलगा त्याच खोलीत, कपाटाच्या शेजारी निजत असे, त्याला श्रावणापासून दिवाळीपर्यंत डॉक्टरांच्या दवाखान्यात न्यावे लागे, आणि आजोळी नेले की तो बरा होई. त्या माउलीने हे दोन्ही मला एकाच दमात सांगितले. पण तोपर्यंत कोणीही शालू, मुलगा आणि भिंत यांची सांगड घातली नव्हती.

पोळ्या गुंडाळतात तो ॲल्युमिनियमचा कागद हातभर कापून आम्ही भिंतीच्या कोरड्या वाटणाऱ्या भागावर लावला आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद केल्या. दोन दिवसांनी कागद काढला. खोलीच्या बाजूने घाम असता, तर दोष हवेतल्या दमटपणाचा ठरला असता. इथे थेंब भिंतीच्या बाजूने होते. म्हणजे पाणी आतून येत होते. वरच्या मजल्यावरच्या न्हाणीची फरशी उकलून पाहिली तेव्हा नहाणी ट्रॅपच्या सांध्यातला सिमेंट पार झिजलेला आढळला. मोरीत ओतलेला प्रत्येक तांब्या थोडाथोडा भिंतीत उतरत होता, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर आम्ही त्यावर रंग चढवत होतो. सांधा बदलायला गवंड्याला एक दिवस लागला. भिंत वाळायला पुढचा उन्हाळा उजाडला, आणि तोवर मुलाचे अंथरूण पूर्वेच्या खोलीत गेले, हे त्या दुरुस्तीतले सर्वांत तातडीचे आणि बिनखर्चाचे काम होते.

बुरशीचे बीज सर्वत्र असते. हवेत, धुळीत, आपल्या कपड्यांवर. ते घरातून समूळ घालवणे कोणालाही शक्य नाही. तिला अन्न म्हणून लाकूड, कागद, कापूस, सरस, रंगातले सेंद्रिय घटक किंवा नुसती बसलेली धूळही पुरते. तिला अडवण्याजोगी एकच गोष्ट आपल्या हातात आहे आणि ती पाणी. ओली झालेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यापुढे मात्र ती धरणारच असे समजून चालावे. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली दमट घरे आणि बुरशी यांवर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हवेत अमुक इतकी बीजाणुसंख्या सुरक्षित आणि त्यापुढे धोक्याची, असा आकडा त्यांत मुद्दामच दिलेला नाही. ओल आणि बुरशी टाळावी, आणि दिसली तर दूर करावी, एवढेच म्हटले आहे. मला हे फार शहाणपणाचे वाटते. नमुने घेऊन, प्रयोगशाळेत पाठवून, बुरशीच्या जातीचे लॅटिन नाव मिळवण्यात जो पैसा जातो, त्यात बहुतेक घरांची गळती बंद होते. जात कोणतीही असो, उपाय तोच. मेलेली बुरशीही दमेकऱ्याच्या श्वासाला जाचते, म्हणून नुसते औषध मारून तिला जागच्या जागी ठेवणेही पुरेसे नाही.

रंगावरून भय धरणे किती चुकीचे, याचा प्रत्यय 2021 साली चिपळुणात आला. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये करोनातून उठलेल्या रुग्णांना, विशेषतः मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना, म्युकरमायकोसिस होत होता आणि वर्तमानपत्रांनी त्याला 'काळी बुरशी' हे नाव दिले होते. त्यानंतर 22 जुलैला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी शहरात शिरले, बाजारपेठेतले तळमजले बुडाले, आणि पाणी ओसरून आठवडा होतो न होतो तोच घरोघरच्या भिंती काळ्या पडू लागल्या. निवृत्तीनंतर काही सहकाऱ्यांसोबत मी तेथे घरे पाहून सल्ला देण्यासाठी गेलो होतो, आणि लोक पहिला प्रश्न हाच विचारीत: ही तीच का? भिंतीवरचा काळा डाग आणि तो आजार एक नव्हेत. भिंतीवर काळ्या दिसणाऱ्या बुरशीच्या कितीतरी जाती निरुपद्रवी आणि कितीतरी हिरव्या-पांढऱ्या जाती त्रासदायक असतात. पण ज्यांची प्रतिकारशक्ती आजाराने किंवा औषधांनी क्षीण झाली आहे, त्यांनी कोणत्याही बुरशीच्या साफसफाईत उतरू नये, हे आम्ही प्रत्येक घरी आवर्जून सांगत होतो.

तेथे आमची खरी कसोटी वेगळीच होती. गणेशचतुर्थी 10 सप्टेंबरला होती. कोकणात गणपती घरी येणार आणि भिंतीला रंग नाही, ही कल्पनाच सहन होत नाही. आणि ज्यांचे सर्वस्व गाळात गेले, त्यांना तर घर पुन्हा घरासारखे दिसावे ही ओढ अधिकच. परंतु चिऱ्याची किंवा विटांची भिंत वाळायला जाडीच्या इंचामागे महिना धरावा, असा बांधकामातला जुना ठोकताळा आहे, आणि इथे तर भिंत फूटभर जाड, वरून पाऊस चालूच. दोन सुयांचे ओल मोजण्याचे उपकरण भिंतीला लावले की काटा शेवटाला टेकत होता. गांधारेश्वराच्या बाजूच्या एका घरात एका आजींनी मला विचारले, "भाऊ, गणपती काय असल्या भिंतीपुढे बसवायचा?" मी म्हटले, "आजी, मखरामागच्या भिंतीला चुना काढा. दोन हात द्या. बाकीची भिंत उघडी राहू द्या, आणि चौरंग भिंतीपासून हातभर पुढे घ्या, म्हणजे मागून वारा फिरेल." त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि मुलाला चुना आणायला धाडले. त्याच आळीत ज्यांनी प्लॅस्टिक रंग दिला, त्यांच्या भिंतींवर दिवाळीच्या सुमाराला रंगाचे फुगे आले, आणि फुगा फोडला की आतून पाणी आणि काळी भुकटी निघाली. पुराने एकदा लुटलेल्या माणसाचा रंगाचा खर्चही असा वाया जावा, याचे मला अतिशय वाईट वाटले.

पुरानंतर ब्लीचिंग पावडर गावोगाव वाटली जाते, आणि पिण्याच्या पाण्यासाठी तिचे मोल मोठे आहे. भिंतीवरच्या बुरशीला मात्र ती फारशी कामाची नाही. वरचा काळेपणा जातो, सच्छिद्र गिलाव्याच्या आतले मूळ राहते. आणि येथे एक इशारा मी शक्य तितक्या स्पष्ट शब्दांत देऊ इच्छितो: ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही, थोडेसेही, एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे बंद न्हाणीघरात खालीच साठून राहतो, आणि वाकून फरशी घासणाऱ्याच्या थेट श्वासात जातो. अमोनिया असलेल्या द्रवांशीही तिचा संयोग तितकाच घातक. ओल्या घराला ऊब द्यावी म्हणून बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनित्र लावणे हाही प्राणावर बेतणारा प्रकार. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

साफसफाईची पद्धत मी गवंड्यांना आणि गृहिणींना सारखीच सांगत आलो. आधी गळती बंद करावी. भिंतीवर सॉकेट असेल तर मुख्य स्विच बंद करावा, पंखाही बंद ठेवावा, खोलीचे दार लावून खिडकी उघडावी. कोरडा झाडू भिंतीला लावू नये, कारण एका झटक्यासरशी लक्षावधी बीजाणू उडतात आणि घरभर जाऊन बसतात. पाण्याचा हलका फवारा मारून, साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसावे, फडके पिशवीत बांधून टाकावे, आणि जागा पूर्ण वाळू द्यावी. टाइल, काच, धातू, रंगवलेले लाकूड अशा घट्ट पृष्ठभागांवरची बुरशी अशी निघते. कापसाची गादी, भिजलेला प्लायवूड, पीओपीच्या छतावरचा सुटलेला भाग यांत ती आतवर गेलेली असते. त्यांना टाकण्यावाचून इलाज नाही, आणि टाकताना तेथेच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मग जिन्यावरून न्यावे. दोन-तीन हात लांबीरुंदीचा डाग असेल तर घरचे निरोगी माणूस हे करू शकते. त्याहून मोठे काम असेल तर जाणकार माणसाच्या हाती सोपवावे.

आणि इथेच माझ्या मनातली सर्वांत मोठी खंत आहे. जाणकार माणसाच्या हाती सोपवले म्हणजे प्रत्यक्षात ते बिगाऱ्याच्या हाती जाते. भिंतीचा कुजका गिलावा छिन्नीने पाडणारा तो, पिशव्या डोक्यावरून वाहून नेणारी त्याची बायको, आणि त्यांच्या तोंडावर फार तर एक ओला पंचा. चिपळुणात करोनामुळे मुखपट्ट्या घरोघर होत्या. पण बहुतेक कापडी, आणि दमट हवेत गुदमरायला झाले की हनुवटीवर ओढलेल्या. बारीक धूळ अडवते ती एन-95 प्रतीची, नाकावर घट्ट बसणारी, भिजली की बदलायची मुखपट्टी. तिची किंमत एका चहा-वड्याच्या आसपास. पण दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात सिमेंटचे पोते, वाळूची ब्रास, पुट्टीचे किलो हे सारे तपशीलवार येते, आणि पाडकाम करणाऱ्याच्या फुप्फुसासाठी एकही कलम नसते.

मुंबईतल्या सदनिकांकडे माझे हल्ली अधिक जाणे होते, आणि तेथील प्रश्नाचे रूप निराळे आहे. बाहेर 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल तर सुमारे 26 अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव जमते. एका खोलीत रात्रभर वातानुकूलन 20 अंशांवर चालते, आणि पलीकडच्या खोलीतली, त्याच भिंतीची दुसरी बाजू घाम धरते. तिच्यावर भिंतकागद असेल तर त्याच्यामागे, कोणाच्या नजरेस न पडता, सारा संसार उभा राहतो. खिडक्या सरकत्या काचांच्या, झडप नाही, न्हाणीघरातला बाहेर हवा फेकणारा पंखा वीज वाचवायला बंद, आणि सज्ज्याला काच लावून ती खोली केल्यामुळे कपडे दिवाणखान्यात वाळत घातलेले. चौघांच्या घरात श्वास, स्वयंपाक, आंघोळ आणि कपडे मिळून रोज दहा लिटरांच्या आसपास पाणी हवेत मिसळते. ते कुठेतरी जाणारच. त्यात डासांसाठी बंद खोलीत अगरबत्तीसारखी वेटोळी कॉइल जळते, जिच्या एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या बरोबरीचे भरतात, असे 2003 सालच्या एका शास्त्रीय अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी पुन्हा वापरात यावी, असे मला कळकळीने वाटते.

पावसाळ्यात खिडक्या उघड्या ठेवाव्यात की बंद, असे मला पुष्कळदा विचारतात. संततधारेत बाहेरची हवा आतल्याहून दमट असते. तेव्हा उघड्या खिडकीने काही वाळत नाही, उलट गाद्या दमट होतात. उघडीप पडली, ऊन आले, की समोरासमोरची दारे-खिडक्या उघडून वारा आरपार जाऊ द्यावा. स्वयंपाक आणि आंघोळ चालू असताना मात्र वाफ तेथल्या तेथे बाहेर काढलीच पाहिजे, मग पाऊस असो वा नसो. आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र आता स्वस्त मिळते. काटा 60 टक्क्यांच्या खाली राहिला तर उत्तम, सतत 70 च्या वर राहत असेल तर आर्द्रता शोषणारे यंत्र किंवा वातानुकूलनाची कोरडे करण्याची योजना वापरावी. कपाटे बाहेरच्या भिंतीपासून चार बोटे तरी पुढे घ्यावीत.

वरच्या मजल्यावरच्या गळतीचा तंटा हा सहकारी गृहनिर्माण संस्थांतला नित्याचा विषय. आदर्श उपविधींची वाटणी पुरेशी स्पष्ट आहे: गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक वाहिन्या यांतून येणारे पाणी संस्थेने थांबवायचे, सदनिकेच्या आतल्या न्हाणीची, मोरीची गळती त्या सदस्याने. तरी वर्षे निघून जातात, कारण वरच्याला त्याची न्हाणी कोरडी दिसते आणि खालच्याचा खोकला ऐकू येत नाही. अशा वेळी मी दोघांना एकत्र उभे करून वरच्या न्हाणीत रंगीत पाणी सोडतो. खाली रंग उतरला की बोलणे बहुधा संपते.

सध्या परळच्या एका जुन्या चाळीच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रक माझ्याकडे तपासणीसाठी आले आहे. पश्चिम भिंतीचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा द्यायचा, गॅलरीतल्या सामाईक मोऱ्यांचे ट्रॅप बदलायचे, आणि काम वैशाखात सुरू करून रोहिणी लागायच्या आत बाहेरची बाजू पुरी करायची, असा बेत आहे. त्यात मी एक कलम वाढवले: पाडकाम करणाऱ्या प्रत्येकास रोज दोन एन-95 मुखपट्ट्या, चष्मा आणि हातमोजे. कंत्राटदाराने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. मी दर तसाच ठेवून खाली सही केली आणि तो समितीकडे मंजुरीसाठी धाडला आहे.